शाहेद पाडायला हेलिकॉप्टर: खरंच स्वस्त पडतं का?

पाणचक्की (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११:५२

झोप येत नसली की लोक काय काय बघतात. मी हल्ली युक्रेनच्या हेलिकॉप्टरांच्या चित्रफिती बघतो. एमआय-८ चं दार उघडं, दारात पट्ट्याने जखडलेला जवान, त्याच्यापुढे सहा नळ्यांची मिनीगन. थर्मल कॅमेऱ्याच्या करड्या चित्रात शेजारून एक पांढरं त्रिकोणी पाखरू निवांत चाललेलं. दोन-तीन सेकंद गोळ्यांची धार, आणि मग पडदा पांढराफट.

ते पाखरू म्हणजे शाहेद-१३६ हे स्फोटकं घेऊन येणारं ड्रोन. मूळ इराणी, आता रशियात तातारस्तानमधल्या अलाबुगाच्या कारखान्यात 'गेरान-२' नावाने धडाधड बनतं. लांबी साडेतीन मीटर, पंखांचा पसारा अडीच मीटर, वजन २०० किलोच्या आसपास, नाकात ५० किलो स्फोटकं (काही नव्यांत ९०). मागे पंखा फिरवणारं छोटं पिस्टन इंजिन. आवाजावरून युक्रेनमधले लोक त्याला 'मोपेड' म्हणतात. वेग ताशी १८० किमीच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने रांगणारंच. किमतीचे अंदाज २० ते ५० हजार डॉलर असे पसरलेत. मधला आकडा धरला तर आपले तीसेक लाख.

आता हे पाडायला अमेरिकी पॅट्रियट हवाई संरक्षण यंत्रणेचं एक पॅक-३ एमएसई क्षेपणास्त्र सोडलं तर जवळजवळ ४० लाख डॉलर, म्हणजे ३५ कोटींच्या घरात. एका बाणात शंभरावर शाहेदचे पैसे. आणि येतात किती? ७ सप्टेंबर २०२५ च्या एका रात्री युक्रेनी हवाई दलाने ८१० ड्रोन मोजले. त्यात गेर्बेरासारखी फोम-प्लायवूडची फसवी पिल्लंही होती, पण अंधारात कोण ओळखणार!

म्हणून गोळ्यांकडे वळायचं. पिकअपवर जड मशीनगन लावून फिरणाऱ्या तुकड्या युक्रेनने पहिल्यापासून उभ्या केल्या. मी कागदावर हिशेब मांडून बघितला. शाहेद सेकंदाला ५० मीटर जातं. मशीनगनचा खात्रीचा टप्पा एक किलोमीटर धरला आणि ड्रोन अगदी डोक्यावरून गेलं, तरी मारायला मिळतात ४० सेकंद. ६०० मीटर बाजूने गेलं तर ३२. त्यातही गोळीला किलोमीटर कापायला सव्वा-दीड सेकंद लागतो, तेवढ्यात ड्रोन ७० मीटर पुढे. म्हणजे २० ड्रोन एकापुढे एक ठेवा आणि विसाव्याच्या नाकापुढे नेम धरा. रात्री. टॉर्चच्या उजेडात.

हेलिकॉप्टरचं उलट आहे. ते शेजारून, त्याच वेगाने चालतं. महामार्गावर शेजारच्या लेनमधल्या स्कूटरवाल्याशी गप्पा मारता येतात, तसं. अंतर दीडशे-दोनशे मीटर. दोघांचा वेग सारखा, म्हणून पुढचा नेम जवळपास धरावाच लागत नाही. हुकलं तर पुन्हा मारा, घाई नाही. वर २०२५ पासून रशियाने शाहेद दोन-तीन किलोमीटर उंचीवरून पाठवायला सुरुवात केली, तिथे पिकअपवरची मशीनगन पोचतच नाही. हेलिकॉप्टर पोचतं.

मग प्रश्न असा की सगळ्यांनी हेच का करू नये? आपल्याकडे 'रुद्र' आणि 'प्रचंड' ही हेलिकॉप्टरं आहेत, दोघांच्या नाकाखाली २० मिमीची फिरती तोफ आहे. जाणकारांनी लिहावं.

बोलभांड · रविवार, सकाळी ७:१४

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, इतकंच म्हणतो. हेलिकॉप्टर तासभर उडवायला काय फुकट लागतं का?

(हलके घेणे.)

मेघमल्हार · रविवार, सकाळी ८:०३

वाचतेय. पाणचक्की, ती ४० सेकंदांची आकडेमोड फार आवडली.

पाणचक्की · रविवार, सकाळी ८:४०

@बोलभांड, फुकट नाही, पण एका फेरीत एकाहून जास्त पडली तर खर्च वाटला जातो. गोळ्यांचा खर्च तर चिल्लर आहे. आणि मसाला मोजताना कोंबडी कुणाच्या परसात शिरतेय तेही बघा. ५० किलो स्फोटकं ऐन जानेवारीत वीज उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरवर पडली, तर तसला ट्रान्सफॉर्मर बाजारातून उद्या उचलून आणता येत नाही. तोवर अख्खं शहर बिनहीटरचं.

ओझरची_धूळ · रविवार, सकाळी १०:२२

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहिली. मी उडवणाऱ्यातला नाही, दुरुस्तीवाल्यातला, तरी सांगतो.

तुम्ही म्हणता हेलिकॉप्टर शेजारून चालतं. शेजारी पोचणार कसं? एमआय-८ चांगलं पळवलं तर ताशी २५० किमी. शाहेद १८०. फरक फक्त ७०. ड्रोन तुमच्या १० किमी पुढे असेल तर गाठायला साडेआठ मिनिटं लागतील, आणि तेवढ्यात तुम्ही ३५ किमी पुढे गेलेले असाल. मागून पाठलाग हा धंदाच तोट्याचा. ड्रोन येणार त्या वाटेवर आधीच जाऊन थांबावं लागतं. म्हणजे कुणीतरी जमिनीवरून बोट धरून न्यायला हवं: इतके अंश, इतकी उंची, इतके किलोमीटर. ते नसेल तर रात्रीच्या आकाशात साडेतीन मीटरची वस्तू शोधणं म्हणजे कुंभमेळ्यात हरवलेलं पोर.

इस्रायलचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सीरियातून आलेलं इराणी ड्रोन त्यांच्या अपाचे हेलिकॉप्टरने पाडलं, कारण रडारने ते आधीपासून धरून ठेवलं होतं. अपाचे तेच. पण १३ ऑक्टोबर २०२४ ला हिजबुल्लाचं ड्रोन आलं, विमानं आणि हेलिकॉप्टरं मागे लागली, मध्येच ते नजरेतून सुटलं आणि बिन्यामिनाजवळच्या गोलानी ब्रिगेडच्या तळाच्या भोजनगृहावर पडलं. चार सैनिक गेले. तोफेत खोट नव्हती. ड्रोन कुठे गेलं हेच कळेना.

शिवाय नव्या गेरान-३ ला जेट इंजिन आहे, वेग ३०० च्या वर. त्याच्यामागे हेलिकॉप्टरने धावण्यात अर्थ नाही.

रत्नागिरीचा_खलाशी · रविवार, दुपारी १:०५

नमस्कार मंडळी. सध्या घरी, सुट्टीवर आहे म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही हे दुसऱ्या टोकाने बघितलंय, म्हणजे ज्याच्यावर पडायचं ते आम्ही.

२०२४ च्या सुरुवातीला आमचं जहाज बाब-अल-मंदेबमधून, म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीतून गेलं. (कंपनीचं नाव काढत नाही. जोखीमभत्ता अजून लटकलाय, तो वेगळा विषय.) एआयएस (जहाज कुठे आहे ते सगळ्यांना सांगणारी यंत्रणा) बंद, डेकवरचे दिवे बंद, पोर्टहोलना आतून काळा कागद. कामापुरती माणसं सोडून सगळे खाली इंजिनाजवळच्या बंदिस्त खोलीत. मी ब्रिजच्या विंगवर दुर्बीण घेऊन चार तास. तुम्ही लोक 'मोपेडसारखा आवाज' म्हणता ना, जहाजावर तो ऐकूच येत नाही. स्वतःच्या इंजिनाची घरघर आणि वारा. तिथे डोळे हाच एक भरवसा. त्या पहाटे मी दोन फ्रिगेट पक्ष्यांना ड्रोन म्हणून कळवलं, कॅप्टनने शिव्या घातल्या नाहीत हे विशेष.

डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेंचांच्या 'लांगदोक' या फ्रिगेटने (युद्धनौकेने) येमेनकडून आलेली दोन ड्रोन अॅस्टर क्षेपणास्त्रांनी पाडली. एकेक अॅस्टर दहा लाख युरोच्या घरातलं. तीनच महिन्यांत, मार्च २०२४ मध्ये, त्याच फ्रेंच नौदलाच्या हेलिकॉप्टरातल्या माणसाने येमेनच्या हुथी बंडखोरांचं ड्रोन दारातल्या साध्या ७.६२ मिमी मशीनगनने पाडलं. ती चित्रफीत आमच्या जहाजावर मेसमध्ये दहा वेळा फिरली असेल. आमचा बोसन म्हणाला, "एवढंच करायचं होतं तर आधी का नाही केलं?"

समुद्रावर हेलिकॉप्टरचा फायदा हा की खाली गाव नाही, शाळा नाही, विजेच्या तारा नाहीत. हुकलेल्या गोळ्या पाण्यात. आणि बोट धरून न्यायला फ्रिगेटचं रडार खालीच उभं.

'केम प्लुटो' जहाज आठवत असेल. २३ डिसेंबर २०२३, पोरबंदरपासून दोनशे सागरी मैलांच्या आसपास ड्रोन बसलं. २० भारतीय खलाशी होते, सुदैवाने सगळे वाचले. तटरक्षक दलाच्या 'विक्रम'ने सोबत करून जहाज २५ तारखेला मुंबईला आणलं. युद्ध लांबच्या देशात चालू आहे असं म्हणायची सोय त्या दिवशी संपली, निदान आमच्या आळीत.

मेघमल्हार · रविवार, दुपारी १:३८

खलाशी, अंगावर काटा आला. फ्रिगेट पक्षी वाचून मात्र हसले, सॉरी.

लुब्लिनकर · रविवार, दुपारी ४:५०

मी पोलंडमध्ये लुब्लिनला असते, आयटीत. १० सप्टेंबर २०२५ ची पहाट मला पाठ आहे. फोनवर सरकारी एसएमएस, लुब्लिन आणि झेशूफचे विमानतळ बंद, वॉर्साचाही काही तास बंद. रशियाची वीसच्या आसपास ड्रोन हद्दीत आली होती. आई पुण्याहून फोन करून विचारत होती, "खिडकीपाशी उभी आहेस का तू?" होते.

त्या रात्री डचांची एफ-३५, पोलंडची एफ-१६, इटलीचं टेहळणी विमान आणि पोलंडची एमआय-२४, एमआय-१७, ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं असं सगळं आकाशात होतं. पाडायचं काय, तर त्यातली बरीचशी गेर्बेरा. नंतर शेतात सापडलेल्यांचे फोटो बघितले, एक तर अगदी शाळेच्या प्रकल्पासारखं दिसत होतं, चिकटपट्टी लावलेलं.

आणि वायरिकी गावातलं ते घर. छप्पर उडालं, म्हातारं जोडपं थोडक्यात वाचलं. सगळ्या जगात फोटो गेला की रशियन ड्रोन पडलं. पुढे आमच्या मंत्र्यांनीच सांगितलं की ते बहुतेक आपल्याच विमानातून सुटलेलं क्षेपणास्त्र होतं. तेव्हापासून 'महागडं हत्यार' हा शब्द मी फक्त पैशात मोजत नाही.

आता इथे मेरॉप्स नावाची छोटी अमेरिकी इंटरसेप्टर ड्रोन आणलीत. एकाला १५ हजार डॉलरच्या आसपास पडतात म्हणे. ड्रोनवर ड्रोन.

बोलभांड · रविवार, सायंकाळी ५:१०

हेच म्हणायचं होतं! हेलिकॉप्टर कशाला, ड्रोनवर ड्रोन सोडा. युक्रेनवाले 'स्टिंग' बनवतात, अडीच हजार डॉलरला एक, ताशी ३०० च्या वर पळतं. झेलेन्स्की तर रोज हजार बनवू म्हणत होते. विषय संपला.

ओझरची_धूळ · रविवार, सायंकाळी ६:३१

विषय संपला नाही भाऊ. स्टिंग चालवायला डोळ्यांवर गॉगल लावून बसलेला माणूस लागतो, आणि तो असा-तसा चालत नाही, महिनोन्महिने घडवावा लागतो. बॅटरी काही मिनिटांची. म्हणजे ड्रोन आपल्या भागात शिरतंय हे त्यालाही अचूक आणि वेळेत कळायला हवं. पुन्हा तेच, बोट धरून नेणारा. ढग, पाऊस, बर्फ पडला की त्याची पंचाईत. हेलिकॉप्टरचं इंधन तासांत मोजतात, स्टिंगची बॅटरी मिनिटांत. दोन्ही लागतात, एकाने दुसरं भागत नाही.

मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट कुठली वाटते सांगू? खांबांवर लावलेले मायक्रोफोन. युक्रेनने 'स्काय फोर्ट्रेस' नावाने हजारोंनी बसवलेत, एकाला ४००-५०० डॉलर. शाहेद मोपेडसारखं वाजतं ना, मग ऐका! एका खांबाकडून दुसऱ्याकडे आवाज सरकत जातो तशी नकाशावर रेघ पुढे जाते. रडारला जे झाडाआड, टेकडीआड दिसत नाही ते कानाला ऐकू येतं. त्यातून पिकअपवाल्यांच्या टॅबलेटवर खूण उमटते. हजारो कान विकत घेऊनही बिल एक-दोन डझन पॅट्रियट क्षेपणास्त्रांच्या किमतीच्या आतच.

गोफणगुंडा · रविवार, रात्री ८:०२

आम्ही शेतकरी माणसं. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर पोरगं बसवतो. गोफण त्याच्या हातात असते खरी, पण पाखरं गोफणीने कमी आणि पोराच्या डोळ्यांनी जास्त हाकली जातात. पोरगं झोपलं की कणसं साफ. धूळसाहेबांचं म्हणणं मला तरी असंच कळलं.

बाकी जाळीचं काय? आमच्याकडे द्राक्षबागांना पाखरांसाठी जाळी टाकतात तशी खेरसोनमध्ये रस्त्यांवर टाकलीय असं बघितलं.

पाणचक्की · रविवार, रात्री ८:२५

गोफणगुंडा, टाळ्या.

जाळ्या आहेत, पण त्या छोट्या एफपीव्ही ड्रोनसाठी, जे एकेका गाडीवर येऊन आपटतात. पंखे जाळीत गुंततात. त्यातली काही ऑप्टिकल फायबरची दोरी सोडत उडतात, जॅमरला दाद देत नाहीत, तिथे जाळीच बरी. २०० किलोचं शाहेद जाळीला कुठे ऐकणार.

जॅमिंगचाही मोठा वाटा आहे, ते लेखात राहिलं. उपग्रहाचा खोटा सिग्नल देऊन युक्रेन बरीच ड्रोन भरकटवतं. रोजच्या आकडेवारीत 'पाडली' याच्या जोडीला 'हरवली' असा रकाना असायचा तो त्यांचाच. मग रशियाने जास्त तोंडांचे कोमेता अँटेना बसवले. मांजर-उंदराचा खेळ आहे.

लंडनची_राणीबाग · रविवार, रात्री ९:४४

इतिहासवाली म्हणून एक भर. हे सगळं १९४४ मध्ये होऊन गेलंय. १३ जूनला लंडनवर पहिला व्ही-१ पडला. तोही बिनमाणसाचा, सरळ रेषेत येणारा, आवाज करणारा, स्वस्त. लोक त्याला 'बझ बॉम्ब' आणि 'डूडलबग' म्हणायचे, म्हणजे तेव्हाचं मोपेड. वेग मात्र ताशी ६०० किमीच्या वर, लढाऊ विमानांनाच धाप लागायची.

जवळून गोळ्या घातल्या तर स्फोटात वैमानिकच जायचा. मग काही जणांनी आपल्या विमानाच्या पंखाचं टोक व्ही-१ च्या पंखाखाली नेऊन तो उलथवायची युक्ती काढली. आतला तोल सांभाळणारा गायरो भांबावला की बॉम्ब शेतात. वाचायला भारी वाटतं, पण खरा फरक पडला तो जुलैमध्ये तोफा शहराभोवतून उचलून किनाऱ्यावर नेल्यावर. नवं रडार मिळालं, लक्ष्याजवळ आपोआप फुटणारा फ्यूज मिळाला, आणि तोफांचा पट्टा वेगळा, विमानांचा पट्टा वेगळा असा आकाशाचा वाटा पाडला गेला.

जवळून मारण्याचा धोका आजही तोच. ऑक्टोबर २०२२ मध्ये वादिम वोरोशिलोव या युक्रेनी वैमानिकाने मिग-२९ मधून शाहेद पाडलं, त्याचे तुकडे त्याच्याच विमानाला लागले आणि विनित्सियाजवळ उडी मारावी लागली. रक्ताळलेल्या चेहऱ्याचा त्याचा फोटो खूप फिरला.

बोलभांड · रविवार, रात्री १०:०१

मग दीडशे मीटरवरून मारणारा तो दारातला जवान वेडाच म्हणायचा.

ओझरची_धूळ · रविवार, रात्री १०:२०

वेडा नाही, शूर. आता त्याला आणखी एक भीती आहे. डिसेंबर २०२५ मध्ये पाठीवर आर-६० हे विमानभेदी क्षेपणास्त्र बांधलेलं शाहेद सापडलं. म्हणजे पाखराने चोच लावून घेतली. दहात एखाद्याच्या पाठीवर असलं तरी दहाही जणांजवळ जाताना विचार करावा लागणार. म्हणून मला दारातल्या मिनीगनपेक्षा अमेरिकेच्या एपीकेडब्ल्यूएसमध्ये जास्त भविष्य दिसतं. जुनंच ७० मिमीचं रॉकेट, त्याच्या मधोमध लेझरची खूण पाहून वळणारा एक तुकडा जोडलेला. २५-३० हजार डॉलर, म्हणजे शाहेदच्या बरोबरीचा भाव. २०२५ मध्ये अमेरिकी एफ-१६ तीच घेऊन मध्यपूर्वेत फिरत होती. हेलिकॉप्टरवर तर ते पहिल्यापासून बसतं. किलोमीटर-दोन किलोमीटर लांबूनच काम तमाम.

संपादक_मंडळ · रविवार, रात्री १०:३५

दोन प्रतिसाद उडवले आहेत. कोणत्या पक्षाच्या काळात काय खरेदी झालं यासाठी दुसरा धागा आहे.

मचव्याचा_नाखवा · सोमवार, सकाळी ९:१०

आपल्याकडचं कुणीच बोलेना म्हणून. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने दोन बॉम्ब टाकले, तेव्हा आपण जागे झालो. मे २०२५ च्या सिंदूरमध्ये ८ आणि ९ च्या मधल्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले असं सैन्यानेच सांगितलं, त्यात तुर्की सोंगार होते. पाडले कशाने? बहुतेक जुन्या तोफांनी! एल-७०, झेडयू-२३, शिल्का. मोडीत काढा म्हणत होते त्याच.

आणि नागपूरकरांनो कॉलर ताठ करा. सोलर डिफेन्सचं 'भार्गवास्त्र' १३ मे २०२५ ला गोपाळपूरला चाचणीत उडालं. छोटी छोटी रॉकेटं, अडीच किलोमीटरचा टप्पा, झुंडीवर सोडायची.

सुभेदार_काका · सोमवार, दुपारी ३:२७

सातारा जिल्ह्यातला. एअर डिफेन्समध्ये २४ वर्षं काढली, त्यातली बरीच एल-७० वर. पोराने हा धागा दाखवला. टायपिंग नातीचं आहे, चुका तिच्या.

एल-७० ची लोकं आता स्तुती करतात, बरं वाटतं. ४० मिमीचा गोळा, चार-चारची क्लिप, हाताने वरून भरायची. गोपाळपूरला उन्हाळ्यात नळीजवळ उभं राहिलं की घाम डोळ्यांत, हात क्लिपवर, आणि मागून 'एक नंबर', म्हणजे तोफेचा प्रमुख, ओरडतोय. विमान मागे लांब दोरीने कापडी बाही ओढत न्यायचं, आम्ही बाहीवर मारायचं. नवीन पोरं हमखास बाहीच्या मागे मारायची. मन मानतच नाही की रिकाम्या आभाळावर नेम धरायचा. पाणचक्की यांनी सत्तर मीटर लिहिलंय, ते वाचून आमचे उस्ताद आठवले. ते म्हणायचे, "जिथे आहे तिथे मारू नको, जिथे मरणार आहे तिथे मार." आता हा हिशेब मशीन करते. बीईएल या सरकारी कंपनीने तोफेला रडार, कॅमेरा, मोटर सगळं बसवलं, म्हणून म्हातारी पुन्हा उभी राहिली. आणि सगळ्या तोफांना, रडारांना एका नकाशावर आणणारं आकाशतीर आहे. ते धूळसाहेब म्हणतात तसं बोट धरून नेणारं. माझ्या नजरेत सिंदूरमध्ये जिंकलं ते आकाशतीर, तोफ नंतर.

आता हेलिकॉप्टरचं. तुम्ही सगळ्यांनी शत्रूचं ड्रोन, शत्रूचं क्षेपणास्त्र बोलून झालं. आपल्याच तोफेचं कुणी बोललं नाही.

रात्र आहे. खाली माझी तोफ, पलीकडे दुसरी, मागे क्षेपणास्त्रवाले. सगळ्यांचे हात खाजतायत. पडद्यावर ठिपका दिसतो, हळू चाललेला, खालून उडणारा. ड्रोनही हळू, हेलिकॉप्टरही हळू. दोघांत फरक कळायला कितीसा वेळ मिळणार? आम्हाला हुकूम असायचे, कधी हात मोकळे, कधी बांधलेले. वर आपलं काही उडत असलं की बांधलेले. म्हणजे हेलिकॉप्टर वर गेलं की तेवढ्या पट्ट्यात सगळ्या तोफा गप्प. लंडनच्या ताईंनी वाटा पाडल्याचं लिहिलंय, ते शंभर टक्के बरोबर.

२७ फेब्रुवारी २०१९, बडगाम. आपलं एमआय-१७ आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, जमिनीवरचा एक माणूस गेला. त्यात नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर होते. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरियांनी स्वतः सांगितलं की मोठी चूक झाली. तो दिवसाउजेडी झालेला प्रकार. एकच हेलिकॉप्टर होतं. तुम्ही रात्रीची गोष्ट करताय, चारशे ड्रोन आणि मध्ये आपली आठ-दहा हेलिकॉप्टरं.

मिनीगन कुठून घ्यायची ते नंतर बघू.

ओझरची_धूळ · सोमवार, दुपारी ४:०२

काका, बडगाम आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. त्या चौकशीत आपलं-परकं ओळखणारी यंत्रणा बंद असल्याचं पुढे आलं होतं. मी ज्या वस्तूंना रोज हात लावायचो त्यातली ती एक. इतकी छोटी पेटी असते ती.

पाणचक्की · सोमवार, रात्री ९:१५

काका, हे माझ्या हिशेबात नव्हतंच. मी गोळी, इंधन, उड्डाणाचे तास इतकंच मांडलं होतं. हेलिकॉप्टर वर असताना खालच्या किती तोफा किती वेळ गप्प बसतात, हा रकाना घालून पुन्हा मांडतो. पश्चिम सीमेवरचा एखादा पन्नास किलोमीटरचा पट्टा धरेन, नकाशावरचा, काल्पनिक तोफांसह. मूळ लेखाखालीच टाकतो, दोन-चार दिवस द्या.

काका, नातीला सांगा, एकही चूक सापडली नाही.

सुभेदार_काका · सोमवार, रात्री ९:४०

ती म्हणते 'उस्ताद' आधी 'उत्साद' लिहिलं होतं, नंतर सुधारलं.

पट्टा धराल तर तोफा सपाटीवर धरू नका. कालव्याच्या बांधावर धरा. तिथे चारही बाजूंनी आभाळ मोकळं मिळतं.